परक्या ऋतूचे झाड

जो जीव आपण स्वतःच्या हौसेने त्याच्या भूमीतून उचलून आपल्या दारी आणला, त्याचे आपण काय देणे लागतो? हा प्रश्न तत्त्वज्ञानाच्या वर्गातला वाटेल; परंतु आज अनेक घरांच्या गॅलरीत तो एका कुंडीच्या रूपाने उभा आहे. मुळशी तालुक्यातील नेरे गावाचेच उदाहरण घ्या. हिंजवडी आणि मारुंजी ओलांडून कासारसाईच्या धरणाकडे निघाले की हे गाव लागते. हिंजवडीत माहिती-तंत्रज्ञानाच्या कंपन्या आल्या आणि पाहता पाहता भातखाचरांच्या कडेने उंच इमारती उभ्या राहिल्या. त्यांत देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेली कुटुंबे राहतात. त्यांच्या गॅलऱ्यांत तुळस असते, कोरफड असते, मनीप्लांट असतो. आणि अलीकडे क्वचित कोठे तळहाताच्या आकाराच्या नाजूक पानांचे एक झाडही दिसू लागले आहे. ते झाड म्हणजे मॅपल.

मॅपल हे एका झाडाचे नाव नसून शंभराहून अधिक जातींच्या एका मोठ्या परिवाराचे नाव आहे. कॅनडाच्या ध्वजावर १५ फेब्रुवारी १९६५ पासून झळकणारे लाल पान याच परिवारातले. आपल्याकडे कुंडीत लावला जातो तो बहुधा जपानी मॅपल. त्याला 'पाल्मेटम' म्हणजे 'तळहातासारखा' हे शास्त्रीय नाव थुनबर्ग या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाने १७८४ मध्ये दिले. जपानी माणसाला मात्र त्या पानात बेडकाचा पंजा दिसला आणि त्यावरून 'काएदे' हा शब्द रूढ झाला. काश्मीरचा चिनार पानाच्या साम्यामुळे अनेकांना मॅपल वाटतो, पण त्याचे कुळ वेगळे आहे. हिमालयात मॅपलच्या काही जाती निसर्गतः वाढतात. आपल्या सह्याद्रीत मात्र एकही नाही. थोडक्यात, नेऱ्याच्या गॅलरीतला मॅपल हा सर्वार्थाने परदेशस्थ आहे.

तो येथे येतो कसा? कोणी संगणकावरील बाजारातून बियांची पुडी मागवतो, कोणी रोपवाटिकेतून चढ्या दराने कलम आणतो. चित्रातील लालभडक पानांची मोहिनी हे त्याचे एक कारण. दुसरे कारण अधिक हळवे आहे. ज्यांची मुले कॅनडात वा अमेरिकेत स्थायिक झाली, त्यांच्यासाठी हे झाड म्हणजे मुलांच्या अंगणाचा एक तुकडा असतो. येथल्या एका इमारतीत अकराव्या मजल्यावर राहणाऱ्या, मूळच्या वसईकडच्या एका वृद्ध मातेच्या घरी मी असे झाड पाहिले. मुलाने हौसेने आणले, वाढवले आणि परदेशी जाताना आईच्या हवाली केले. ती रोज सकाळी त्याला पाणी घालते. दर रविवारी मुलगा झाडाचा फोटो मागतो, तेव्हा करपलेली बाजू भिंतीकडे वळवून, हिरवी बाजू पुढे करून ती फोटो काढवून घेते. तिने मला विचारले, "फादर, हे झाड मेलं तर मला पाप लागेल का हो?"

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. वाचकहो, त्याचे उत्तर नीट शोधावयाचे तर थोडे मागे जावे लागेल.

ॲरिस्टॉटलने जिवांच्या तीन पायऱ्या मानल्या. वनस्पतीला पोषण, वाढ आणि पुनरुत्पादन यांपुरता प्राण. पशूला त्यावर संवेदना. मनुष्याला त्यावर विवेक. संत थॉमस अक्वायनस याने हीच मांडणी स्वीकारून असा निष्कर्ष काढला की वनस्पती पशूंसाठी आणि मनुष्यासाठी आहेत, म्हणून त्यांच्या उपयोगात अन्याय नाही. आपल्या भूमीतील जैन विचाराने मात्र वनस्पतीला एकेंद्रिय जीव मानले; तिला स्पर्शाचे इंद्रिय आहे, म्हणून तिच्या बाबतीतही हिंसा घडू शकते. पुढे जगदीशचंद्र बोस यांनी सूक्ष्म यंत्रांच्या साहाय्याने वनस्पती बाह्य आघातांना प्रतिसाद देतात हे दाखवून दिले. प्रतिसाद म्हणजे वेदना नव्हे, हे खरे. तथापि, झाडाला दुःख होते की नाही, या वादाचा निकाल लागेपर्यंत आपला प्रश्न थांबवून ठेवण्याचे कारण नाही. दगडाला तर निश्चितच दुःख होत नाही. तरी कोणी आपल्याजवळ ठेव म्हणून दिलेली मूर्ती आपण निष्काळजीपणे फोडली, तर दोष आपल्याकडे येतोच. झाडाच्या बाबतीत विचारायचा प्रश्न असा, की त्याच्याशी वागताना पाळणारा माणूस कसा ठरतो?

नीतिशास्त्राच्या जुन्या शिकवणीप्रमाणे गंभीर पापाला तीन गोष्टी लागतात: विषय गंभीर असावा, कृतीचे पूर्ण ज्ञान असावे आणि तिला मनाची पूर्ण संमती असावी. मे महिन्याच्या उन्हात, रोज पाणी घालूनही एखादे झाड वाळले, तर यांतले काहीच घडत नाही. त्या मातेला मी निःशंक मनाने सांगितले, की मावशी, तुम्हाला पाप नाही. पण एवढ्याने मूळ प्रश्न संपत नाही, कारण झाड का वाळते हे पाहू लागलो की काळजी या शब्दाचाच अर्थ तपासून घ्यावा लागतो.

मॅपलचा स्वभाव असा. शरद ऋतूत दिवस लहान होतात, रात्री गार होतात, तेव्हा पानांतले हरितद्रव्य विघटित होऊ लागते. स्वच्छ उन्हाचे दिवस आणि थंड रात्री यांच्या मेळाने पानांत लाल रंगद्रव्य तयार होते आणि झाड पेटल्यासारखे दिसते. मग पाने गळतात आणि झाड झोपी जाते. ही झोप त्याला अत्यावश्यक असते. कळ्यांच्या आत वाढ रोखून धरणारी एक व्यवस्था असते, आणि कित्येक आठवडे सातत्याने कडक थंडी, म्हणजे साधारण सात अंशांखालील तापमान, भोगल्यावरच ती सैल होते. भर हिवाळ्यात एखादा दिवस उबदार निघाला म्हणून झाड फसून जागे होऊ नये, यासाठी निसर्गाने केलेली ही योजना आहे. झाड जणू थंडीचे तास मोजते आणि हिशेब पुरा झाल्याशिवाय डोळे उघडत नाही.

आता पुण्याचा हिवाळा पाहा. डिसेंबर-जानेवारीच्या एखाद्या पहाटे पारा दहा अंशांखाली उतरतो, शेकोट्या पेटतात. आणि त्याच दिवशी दुपारी तो अठ्ठावीस-तीस अंशांवर जातो. मॅपलच्या हिशेबात या पहाटेची नोंद जेमतेम होते आणि दुपार ती पुसून टाकते. परिणामी पाने लाल होण्याऐवजी कडांनी तपकिरी होतात आणि फांदीलाच लोंबत राहतात. झाड धड झोपत नाही, धड जागे होत नाही. वसंतात काही कळ्या फुटतात, काही मुक्या राहतात. दर वर्षी अंकुर थोडे अधिक दुबळे होत जातात. हे रोग लागून आलेले मरण नव्हे. अनेक वर्षांच्या जागरणाने आलेला हा थकवा आहे.

मग पाळणाऱ्याने करावे काय? करण्यासारखे पुष्कळ आहे, आणि ते मनापासून करावे. कुंडी पूर्वेच्या किंवा उत्तरेच्या बाजूस ठेवावी. सकाळचे कोवळे ऊन मिळावे, दुपारचे लागू नये. उंच मजल्यावर उन्हापेक्षा कोरडा वारा अधिक घातक ठरतो, म्हणून आडोसा करावा. प्लॅस्टिकपेक्षा मातीची कुंडी बरी, कारण तिच्या अंगातून पाणी झिरपते आणि मुळे गार राहतात. ती मोठ्या कुंडीत ठेवून मधल्या जागेत ओली वाळू भरली, तर एप्रिल-मे थोडा सुसह्य होतो. माती भुसभुशीत हवी. काळी चिकण माती पावसाळ्यात पाणी धरून ठेवते आणि मुळे कुजतात. पाणी सकाळी, बोटाने माती चाचपून घालावे. ताटलीत साचू देऊ नये. अनेक घरांत जल-शुद्धीकरण यंत्रातून बाहेर पडणारे पाणी वाया जाऊ नये म्हणून झाडांना घालतात. हेतू स्तुत्य असला तरी त्या पाण्यात क्षार एकवटलेले असतात, आणि मॅपलची पाने क्षारांनी लवकर करपतात. त्याला पावसाचे साठवलेले पाणी मानवते. दोन-तीन वर्षांनी, कळ्या फुटण्यापूर्वी, मुळे हलक्या हाताने छाटून माती बदलावी.

एवढे सारे केले तरी एक गोष्ट उरतेच. सावली देता येते, माती देता येते, पाणी देता येते. हिवाळा देता येत नाही. बी रुजवताना लोक युक्ती करतात. ओल्या कागदात गुंडाळलेले बी तीन-चार महिने फ्रिजमध्ये, दूध आणि भाजीच्या शेजारी ठेवतात. त्या बीला तो हिवाळा वाटतो आणि ते रुजतेही. पण वाढलेले झाड दर वर्षी फ्रिजमध्ये मावणार कसे? कोणी कुंडी वातानुकूलित खोलीत नेतो. तेथला चोवीस अंशांचा गारवा आपल्याला शाल पांघरायला लावतो; मॅपलच्या लेखी तो उन्हाळाच असतो, आणि खोलीत प्रकाश उणा पडतो तो वेगळाच.

येथे काळजीचा खरा कस लागतो. आपल्याजवळ जे विपुल आहे ते आपण देतो आणि त्यालाच प्रेम म्हणतो. पान करपले की आणखी पाणी, आणखी खत, आणखी एक औषध. ज्याला थंडी हवी त्याला आपण पाण्याने बुडवतो. दुसऱ्याची गरज त्याच्या स्वभावावरून ओळखावी लागते, आपल्या साठ्यावरून नव्हे. आणि ती गरज भागवणे आपल्या हाती नाही असे कळले, तर ते मान्य करण्याचे धैर्य हाही प्रेमाचाच भाग आहे. ज्या प्रेमाला आपली मर्यादा दिसत नाही, ते पाहता पाहता मालकीत बदलते.

याच मुळशी तालुक्याने हा धडा फार मोठ्या प्रमाणावर पाहिला आहे. टाटांच्या जलविद्युत प्रकल्पासाठी धरण बांधायचे ठरले तेव्हा खोऱ्यातील मावळ्यांनी १९२१ ते १९२४ या काळात सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह केला. धरण झाले, गावे पाण्याखाली गेली. मोबदल्याचा प्रश्न तेव्हाही होता आणि पुढेही राहिला. पण त्या लढ्याचा गाभा असा होता, की पैसा मोजून देता येतो, खोरे मोजून देता येत नाही. माणसाचे आणि झाडाचे दुःख एका तराजूत घालणे योग्य नव्हे. माणूस बोलू शकतो, नकार देऊ शकतो, लढू शकतो, आणि त्याच्यावरील अन्याय कैक पटींनी मोठा असतो. तरी एक सूत्र दोन्हीकडे लागू पडते: ज्याला मुळासकट हलवले, त्याची भरपाई हलवणाऱ्याच्या सोयीच्या नाण्यात होत नाही.

हेच सूत्र आज आपल्या घरांतही तपासून पाहावे. शहरात स्थिरावलेली मुले गावाकडच्या आई-वडिलांना आपल्याजवळ आणतात. हेतू निर्मळ असतो. स्वतंत्र खोली असते, औषधे वेळेवर मिळतात, टीव्ही असतो, कामाला बाई असते. तरीही वर्षभरात म्हातारा माणूस कडेने सुकू लागतो. त्याला हवे असते अंगण, येता-जाता हाक मारणारा शेजारी, आपल्या बोलीत भांडता येईल असे कोणीतरी, आपल्या हाताने करण्याजोगे एखादे काम. अकराव्या मजल्यावर हे मिळत नाही. अशा वेळी मुले आणखी एक तपासणी करवून घेतात, आणखी एक टॉनिक आणतात. म्हाताऱ्यांनी शहरात येऊच नये, असे माझे म्हणणे नाही. कित्येकांना दुसरा मार्गच नसतो. परंतु "तुम्हाला येथे काय कमी आहे?" हा प्रश्न आपण बहुधा रागाने विचारतो. तो एकदा खरोखरच उत्तर ऐकण्यासाठी विचारावा. उत्तरातील काही गोष्टी देता येतील: संध्याकाळी खाली नेऊन बसवणे, महिन्यातून एकदा गावाची फेरी, बोलीतला एक लांबलचक फोन. काही देता येणार नाहीत. तेवढ्या आपल्याला देता येत नाहीत, हे त्यांच्याजवळ बसून कबूल करावे. उणीव नाहीच असे भासवण्यापेक्षा ती कबूल केल्याने माणसाला अधिक आधार मिळतो.

कोणी म्हणेल, मग कुंडीत काही लावूच नये काय? तसे मुळीच नाही. कुंडी हे बंधन खरे, पण ते नात्याचेही साधन होऊ शकते. बोन्साय, ज्याला मराठीत वामनवृक्ष म्हणतात, ती कला पुण्यात चांगलीच रुजली आहे. फेब्रुवारी २०१८ मध्ये येथे तिचे मोठे प्रदर्शनही भरले होते. आपल्याकडचे वड, पिंपळ, उंबर, चिंच उथळ कुंडीतही वर्षानुवर्षे आनंदाने जगतात, कारण त्यांचे ऋतू त्यांच्याजवळच असतात. फांदी छाटली जाते, पण आभाळ परके होत नाही.

कुंडीतले झाड किती दीर्घ निष्ठेचा विषय होऊ शकते, याचे एक विलक्षण उदाहरण वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानात आहे. तेथील एक जपानी पांढरा पाइन १६२५ पासून कुंडीत जोपासला जात आहे. ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर अणुबॉम्ब पडला तेव्हा तो स्फोटस्थानापासून सुमारे तीन किलोमीटरवर, यामाकी कुटुंबाच्या आवारात, भिंतीच्या आड होता, तो वाचला. १९७६ मध्ये मासारू यामाकी यांनी तो अमेरिकेला तिच्या स्वातंत्र्याच्या द्विशताब्दीनिमित्त भेट दिला. त्याची ही कहाणी तेथल्या लोकांना कळली ती २००१ मध्ये, यामाकींचे नातू त्याला पाहायला आले तेव्हा. पिढ्यान् पिढ्या सांभाळलेला ठेवा एका काळच्या शत्रूच्या हाती सोपवणे, आणि तेही त्याचा इतिहास न मिरवता! हे दान शक्य झाले, कारण ज्या हवेत तो पाइन जगेल अशाच हवेत तो पाठवला गेला आणि त्याला जाणणारे हात तेथे होते. झाड आपल्याजवळ राहणे आणि झाड जगणे या दोन गोष्टींत निवड करण्याची वेळ आली, तर काय निवडावे, याचा हा वस्तुपाठ आहे.

पवित्र शास्त्रात, उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात, मनुष्याला बागेत ठेवले ते कशासाठी, हे सांगताना दोन हिब्रू क्रियापदे आली आहेत. एकाचा अर्थ मशागत करणे, आणि त्याच शब्दाचा दुसरा अर्थ सेवा करणे. दुसऱ्याचा अर्थ राखण करणे. पुढे गणना या पुस्तकात निवासमंडपातील लेवींच्या सेवेसाठी हीच दोन क्रियापदे योजली आहेत. बागकाम आणि उपासना यांना एकच शब्द पुरावा, ही गोष्ट मननीय आहे. दोहोंत माणूस मालक नसतो. लूककृत शुभवर्तमानातील अंजिराच्या दाखल्यातला माळीही असाच आहे. फळ न देणारे झाड तोडून टाका, असे धनी म्हणतो तेव्हा माळी आणखी एका वर्षाची मुदत मागतो. सभोवार खणीन, खत घालीन, मग पाहू, असे सांगतो. त्याच्या विनवणीत दया आहे, त्याचबरोबर कष्टाची तयारी आहे आणि सत्याला सामोरे जाण्याची मुदतही आहे.

या सर्वांतून आचरणाचे चार नियम निघतात, असे मला वाटते. पहिला, कोणताही जीव घरी आणण्यापूर्वी त्याला काय लागते याची चौकशी करावी. चित्र पाहून केलेली खरेदी ही पुढे दुसऱ्याच्या जिवावर बेतते. मॅपल मरणे हे पाप नसेल, पण विचारपूस न करता तो आणणे ही बेफिकिरी आहे, आणि तिचा भार पाणी घालणाऱ्यापेक्षा आणणाऱ्यावर अधिक पडतो. दुसरा, आणलाच असेल तर जे देता येते ते आळस न करता द्यावे. तिसरा, त्याची खरी अवस्था लपवू नये. करपलेली बाजूही फोटोत दिसू द्यावी. दूरच्या लेकराला आईच्या झाडाचे सत्य कळले, तर आईचेही थोडे अधिक कळेल. चौथा, हिमाचल किंवा उत्तराखंडाच्या डोंगरात राहणारा कोणी जाणकार ते झाड घ्यायला तयार असेल, तर ते आनंदाने द्यावे. आणि तसे कोणी नसेल, तर त्याचा अखेरचा काळ सावलीत, शांतपणे जाऊ द्यावा, आणि ती कुंडी पुन्हा त्याच परदेशी पाहुण्याने भरू नये.

राहिला प्रश्न लाल रंगाचा. फेब्रुवारी-मार्चमध्ये सह्याद्रीत कुसुमाची झाडे पाहावीत. जुनी पाने गळून नवी पालवी येते ती अशी लाल, की दुरून झाड फुललेच आहे असे वाटावे. पुण्यातल्या रस्त्यांच्या कडेचा देशी बदामही पाने गाळण्यापूर्वी ती लाल करतो. जपानात जो रंग निरोपाचा आहे तो कुसुमाच्या ठायी आगमनाचा आहे. त्यासाठी फ्रिज लागत नाही, आडोसा लागत नाही. फक्त आपण त्या दिवसांत घराबाहेर पडून वर पाहावे लागते.